दोरी ओढली की साहेब येतो का?

एकाच इस्पितळातले दोन वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात प्रमुख परिचारिका स्वतः कामात हात घालते, अडलेल्या ठिकाणी येऊन उभी राहते आणि नवख्या मुलीही तिच्याशी मोकळेपणाने बोलतात. दुसऱ्यात प्रमुखांचा दरारा आहे. त्या राउंडला निघाल्या की कुजबुज थांबते. आता सांगा, रुग्णाला चुकीचे औषध किंवा चुकीचा डोस दिल्याच्या घटना कोणत्या वॉर्डात जास्त सापडतील?

बहुतेक जण दुसऱ्या वॉर्डाकडे बोट दाखवतील. एमी एडमंडसन यांचाही अंदाज तसाच होता. १९९०च्या दशकात हार्वर्डमध्ये पीएच.डी. करताना त्या दोन इस्पितळांतल्या आठ विभागांचा अभ्यास करत होत्या. चांगली टीम म्हणजे कमी चुका, असे धरून त्यांनी आकडे जुळवले आणि निघाले भलतेच. जिथे नेतृत्व चांगले आणि माणसांचे आपसांत जमते, तिथेच चुकांची नोंद जास्त होती. मग त्यांनी एका निरीक्षकाला हे आकडे न सांगता त्या विभागांत पाठवले. त्याने जे पाहिले त्यावरून उलगडा झाला. काही विभागांत चूक झाली की ती लगेच बोलली जाई, सुधारली जाई, कागदावर येई. काही विभागांत ती गिळली जाई. दराऱ्याच्या वॉर्डातला स्वच्छ कागद म्हणजे तिथल्या माणसांनी धरलेले मौन होते.

आपल्या ओळखीच्या किती कचेऱ्या या दुसऱ्या वॉर्डासारख्या असतात! सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब विचारतात, "सगळं व्यवस्थित आहे ना?" एका सुरात "हो सर" येते. साहेबांची पाठ वळली की खरी मीटिंग चहाच्या टपरीवर भरते. कुठला सप्लायर माल देणार नाही, कुठली तारीख चुकणार आहे, कोण राजीनामा खिशात घेऊन फिरतो आहे, हे सगळे त्या टपरीला ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त ज्याच्या हातात काही करण्याचा अधिकार आहे त्याला.

गेल्या पन्नासएक वर्षांत व्यवस्थापनाच्या जगात ‘सेवक-नेतृत्व’ नावाची एक कल्पना फिरते आहे. तिचे नाव ऐकले की भाषणबाजीचा संशय येतो, आणि तो अगदीच खोटाही नसतो. पण बातमी वर चढत नाही आणि मदत खाली उतरत नाही, या रोगावर तिच्यात खरा इलाज आहे. मात्र तो फुकट मिळत नाही.

टेलिफोन कंपनीतला माणूस

ही कल्पना मांडणारे रॉबर्ट ग्रीनलीफ कोणी साधुपुरुष नव्हते. १९०४ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात त्यांचा जन्म झाला. १९२६ मध्ये ते टेलिफोन कंपनीत लागले, तेही खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत. पुढे एटी अँड टी या बलाढ्य कंपनीत व्यवस्थापन-संशोधनाचे प्रमुख झाले आणि ३८ वर्षांच्या नोकरीनंतर १९६४ साली बाहेर पडले. १९७० मध्ये त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. सेवक-नेतृत्वाची सगळी चर्चा तिथून सुरू होते.

त्यांना ही गोष्ट सुचली हरमान हेस या जर्मन लेखकाच्या एका छोट्या कादंबरीवरून. तिच्यात काही प्रवासी यात्रेला निघालेले असतात. लिओ नावाचा गडी त्यांचे सामान वाहतो, गाणी म्हणतो, कोणाला काय हवे-नको ते पाहतो. एके दिवशी तो नाहीसा होतो आणि पाहता पाहता सगळी यात्रा मोडते. पुढे कळते की ज्या संघाची ही यात्रा होती, त्या संघाचा प्रमुख तोच होता. मराठी वाचकाला हे फार नवलाचे वाटू नये. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा कोण होता, ते आपण लहानपणीच ऐकलेले असते.

ग्रीनलीफ यांनी नेत्याची परीक्षा कशी घ्यावी तेही सांगितले. त्याच्या हाताखाली काम करणारी माणसे वाढतात का? ती अधिक शहाणी, अधिक मोकळी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी होतात का? उद्या त्यांच्यातून दुसऱ्यांच्या उपयोगी पडणारे कोणी निघते का? आणि ज्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी आले आहे, त्याचे काय होते? या परीक्षेत नफा नाही, टार्गेट नाही, साहेबाचे वक्तृत्वही नाही.

पण सेवक-नेता अधिकार सोडून देतो, हा समज चुकीचा आहे. अधिकार नसलेला मदतनीस हा भला सहकारी असतो, त्याहून अधिक काही नाही. अडलेली खरेदी मंजूर करणे, दुसऱ्या खात्याच्या प्रमुखाला फोन लावणे, ग्राहकाकडे तारीख वाढवून मागणे, यासाठी खुर्चीच लागते. फरक पडतो तो खुर्चीचे वजन कोणत्या बाजूला टाकले जाते यात. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत स्क्रम मास्टर नावाचे पद असते. टीमच्या वाटेतले अडथळे दूर करणे हे त्याचे काम. स्क्रम या कार्यपद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत अनेक वर्षे त्याला सेवक-नेता असेच म्हटले होते. २०२० च्या आवृत्तीत ते शब्द बदलून टीमची सेवा करणारा खरा नेता असे आले. तरी कित्येक ठिकाणी तो बिचारा मीटिंगची वेळ ठरवतो आणि टिपणे काढतो, कारण अडथळा हटवायला लागणारा अधिकार त्याला कोणी दिलेलाच नसतो.

काय करायचे हे ग्रीनलीफ यांनी सांगितले, कसे करायचे ते फारसे नाही. त्यासाठी एका मोटार कारखान्यात जावे लागेल.

फ्रीमाँटची दोरी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा कारखाना १९६२ पासून होता. १९८०च्या सुमारास त्याचे नाव चांगलेच बदनाम झाले होते. गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात, म्हणजे रोज पाचातला एक कामगार गायब. कामावर दारू, मुद्दाम केलेली नासधूस, तक्रारींचे ढीग. शॉपफ्लोअरवर एक नियम मात्र कडक होता : लाइन थांबता कामा नये. बोल्ट तिरका बसला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, शेवटी दुरुस्तीच्या आवारात बघून घेतील. कामगाराने ओरडून सांगितले तरी सुपरवायझरला संख्या पुरी करायची असे. १९८२ मध्ये कारखान्याला कुलूप लागले.

दोन वर्षांनी तोच कारखाना टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा उघडला. नाव ठेवले न्यूमी. व्यवस्थापन टोयोटाचे, कामगार बहुतांशी जुनेच आणि युनियनही तीच. टोयोटाने शेकडो टीम लीडर आणि ग्रुप लीडर जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवले. अल्पावधीत गैरहजेरी २ टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा ताकाओकाच्या तोडीचा होऊ लागला. माणसे बदलली नव्हती. मग बदलले काय?

बरेच काही, पण आपल्या कामाची आहे ती लाइनच्या बाजूने डोक्यावरून गेलेली दोरी. ती कशी चालते ते पाहू. प्रत्येक कामगाराकडे साधारण मिनिटभराचे काम असते आणि गाडी संथपणे सरकत असते. समजा, त्याला स्क्रू बसत नाही, भाग चुकीचा आला आहे, किंवा तो नुसताच मागे पडला आहे. तो दोरी ओढतो. फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, एक धून वाजते आणि टीम लीडर तिथे पोहोचतो. लाइन अजून चालूच असते. दोघांनी मिळून गाडी ठरलेल्या रेषेपर्यंत जाण्याआधी अडचण सोडवली तर लीडर पुन्हा दोरी ओढतो आणि काम पुढे सुरू राहते. सुटली नाही तर त्या रेषेवर लाइन थांबते. थांबलेल्या लाइनचा प्रत्येक मिनिट कंपनीला महाग पडतो, आणि लाइन थांबवण्याचा हक्क कंपनीने सगळ्यांत खालच्या माणसाच्या हातात दिलेला असतो.

दोरी कोणालाही टांगता येते. ती चालावी म्हणून मागे तीन गोष्टी केलेल्या असतात. पहिली, टीम लीडरला लाइनवर ठरलेली जागा नसते. त्याचे हात मुद्दाम मोकळे ठेवलेले असतात. दुसरी, त्याला आपल्या टीममधले प्रत्येक काम स्वतःला येते, त्यामुळे तो आल्याने खरेच उपयोग होतो. तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आल्यावर त्याच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? "कोणी केलं हे?" असे निघाले, तर पुढच्या आठवड्यात त्या दोरीला कोणी हात लावणार नाही. दिवा लागणार नाही, फलक स्वच्छ दिसेल आणि तिरके बोल्ट पुन्हा गपचूप पुढे सरकू लागतील. म्हणजे आपण पुन्हा त्या दराऱ्याच्या वॉर्डात येऊन पोहोचलो.

हे अनुमानाने लिहीत नाही. जनरल मोटर्सने लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस इथल्या कारखान्यात हीच पद्धत उचलून पाहिली. दोऱ्या आल्या, टीम बनल्या, प्रशिक्षण झाले. पण गाड्यांची संख्या हाच तिथे साहेबांच्या मापाचा आकडा राहिला, त्यामुळे लाइन थांबलेली त्यांना बघवेना. कामगारांनाही हा सगळा युनियन फोडण्याचा डाव वाटत होता. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

मोकळ्या हातांचा खर्च

सेवक-नेतृत्वाची पहिली अडचण इथेच आहे आणि ती स्वभावाची नसून हिशेबाची आहे. धावून जाणाऱ्या माणसाचे हात मोकळे हवेत आणि मोकळे हात ताळेबंदात वाया गेलेले दिसतात. ‘खर्च कपात’ हे शब्द हवेत आले की पहिली कुऱ्हाड मधल्या फळीवर पडते. दहा जणांच्या टीमचे वीस होतात, वीसचे चाळीस. मग त्याच मॅनेजरला सांगितले जाते की, माणसांना वेळ द्या, त्यांचे ऐकून घ्या. तो कधी ऐकणार?

जोडी हॉफर गिटेल या संशोधिकेने १९९०च्या दशकात अमेरिकी विमान कंपन्यांच्या तळांवर, विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचे काम तपासले. साउथवेस्ट एअरलाइन्सची विमाने फार कमी वेळात पुन्हा हवेत जात. सहसंस्थापक हर्ब केलेहर कर्मचाऱ्यांमध्ये मिसळणारा, गमत्या माणूस म्हणून प्रसिद्ध होता, म्हणून लोकांना वाटे की इथे वरिष्ठांची भाऊगर्दी नसणार. प्रत्यक्षात तिथे साधारण १० ते १२ कर्मचाऱ्यांमागे १ सुपरवायझर होता, तर प्रतिस्पर्धी कंपन्यांत एकेका सुपरवायझरवर त्याहून बऱ्याच जास्त माणसांचा भार असे. साउथवेस्टचा सुपरवायझर गर्दीच्या वेळी स्वतः बॅगा चढवी आणि बाकी वेळी शिकवी. चाळीस माणसांच्या वर बसवलेल्या सुपरवायझरला फक्त उशिराचा ठपका कोणावर ठेवायचा एवढेच बघायला वेळ उरतो.

हेच सूत्र मुंबईच्या डबेवाल्यांत आहे, कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकाशिवाय. तिथला मुकादम वर्षानुवर्षे डबे वाहून मुकादम झालेला असतो. डब्यांवरच्या खुणा, वर्गवारी, चढवणे-उतरवणे यांवर तो लक्ष ठेवतो, भांडणे मिटवतो, वसुली बघतो आणि तरी स्वतःही डबे पोचवतो. गटात एक-दोन जादा माणसे ठेवलेली असतात, म्हणजे कोणी आजारी पडला तरी डबा अडत नाही. ही जादा माणसे म्हणजे फ्रीमाँटच्या टीम लीडरचे मोकळे हातच. एखाद्या सल्लागाराला डबेवाल्यांकडे पाठवले तर तो पहिल्यांदा त्यांनाच काढायला सांगेल, अशी मला शंका आहे.

वेताळ कोणाच्या पाठीवर?

समजा, हात मोकळे मिळाले. मग दुसरा खड्डा समोर येतो आणि त्यात भली माणसे आधी पडतात.

कॉरिडॉरमध्ये हाताखालचा माणूस गाठतो : "सर, एक प्रॉब्लेम आहे." सर घाईत असतात, शिवाय मदतीची हौस असते. ते म्हणतात, "ठीक आहे, मी बघतो." ‘मी बघतो’ या दोन शब्दांत काय घडले? आत्तापर्यंत काम त्या माणसाचे होते, आता सरांचे झाले. संध्याकाळी तोच माणूस येऊन विचारतो, "सर, त्याचं काय झालं?" विल्यम ऑन्केन आणि डोनल्ड वॉस यांनी १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हा प्रकार माकडाच्या रूपकातून सांगितला होता : हाताखालच्याच्या पाठीवरचे माकड उडी मारून साहेबाच्या पाठीवर बसते. आपल्याकडे यासाठी वेताळ आहेच. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन मुकाट चालतो आणि तोंड उघडले की वेताळ परत झाडावर. कचेरीतला वेताळ मात्र अधिक हुशार. साहेबाने तोंड उघडले की तो मागे जात नाही, त्यांच्याच मानगुटीवर कायमचा बसतो. अशा दहाबारा वेताळांना घेऊन साहेब रात्री नऊपर्यंत बसतात आणि टीम सहाला निघून जाते. साहेबांना वाटते आपण सेवा करतो आहोत. ग्रीनलीफ यांच्या परीक्षेत ते नापास आहेत, कारण त्यांच्याखाली कोणी वाढत नाही.

फ्रीमाँटचा टीम लीडर इथेही शिकवून जातो. तो त्या मिनिटापुरता हात लावतो. नंतर स्क्रू का बसत नव्हता याचा शोध त्या कामगाराला बरोबर घेऊनच होतो. "तू काय करून पाहिलंस? माझ्याकडून नेमकं काय हवं?" हे दोन प्रश्न विचारले की वेताळ जागेवर राहतो आणि मदतही पोचते. ऐकायला सोपे आहे. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असते त्याला ते गिळून हे प्रश्न विचारणे किती जड जाते, ते कुठल्याही अनुभवी कारागिराला विचारा.

चौकट : मदत खरी की दिखाऊ?

• तुमच्या टीमकडून वाईट बातमी तुम्हाला शेवटची कधी मिळाली? ती आधी टीमकडून आली की ग्राहकाकडून?

• गेल्या महिन्यात तुम्ही दूर केलेला असा एक अडथळा सांगा, जो तुमच्या पदाशिवाय दूर झालाच नसता.

• तुम्ही रजेवर असताना कोणते निर्णय थांबतात? ते खरेच तुम्हीच घ्यायला हवेत का?

• तुमच्याकडे आलेल्या कामांपैकी किती कामे मुळात दुसऱ्याची होती?

साहेबाच्या नावाने तिकीट

दोरी कारखान्यात दिसते. संगणकासमोर बसणाऱ्यांनी काय ओढायचे? याचे एक चोख उत्तर भारतातूनच आले. २००५ मध्ये विनीत नायर यांनी एचसीएल टेक्नॉलॉजीजची सूत्रे हाती घेतली आणि कर्मचारी आधी, ग्राहक नंतर अशी घोषणा दिली. घोषणा सगळेच देतात. त्यांनी केलेली एक व्यवस्था अधिक महत्त्वाची होती. आयटीत ग्राहकाची तक्रार ‘तिकीट’ म्हणून नोंदवली जाते. तिला क्रमांक मिळतो, मुदत लागते आणि ती मिटेपर्यंत कोणाच्या तरी डोक्यावर असते. नायर यांनी तीच पद्धत आतल्या बाजूला वळवली. पगारपत्रक चुकले, प्रवासाचे बिल अडले, कॅन्टीनमध्ये काही बिघडले किंवा बॉसकडून उत्तर येत नाही, तर कर्मचाऱ्याने एचआर, वित्त वा व्यवस्थापनाच्या नावाने तिकीट काढायचे. ते तिकीट बंद करण्याचा हक्क ज्याने काढले त्यालाच, ज्याच्यावर काढले त्याला नाही.

हे शेवटचे कलम मला फार आवडते. ज्याने तक्रार अंगावर घेतली तोच "मिटले" म्हणून शिक्का मारतो, म्हणून कित्येक तक्रारपेट्या निरुपयोगी होतात. तिथे एका छोट्या कलमाने सेवेचे माप सेवा घेणाऱ्याच्या हाती गेले. नायर यांनी हाताखालच्यांनी वरिष्ठांना दिलेले गुण कंपनीतल्या लोकांना पाहायला खुले केले, आणि सुरुवात स्वतःच्या गुणांपासून केली.

"तुम्हीच सांगा ना, सर"

पण भारतीय कचेरीत ही कल्पना राबवताना एक गाठ पडते. नवा मॅनेजर उत्साहाने विचारतो, "तुमचं काय मत?" समोरची माणसे एकमेकांकडे पाहतात. याला येत नसावे, असे काहींना वाटते. काहींना वाटते, हा आपल्याला अडकवतोय. बाकीचे म्हणतात, "तुम्हीच सांगा ना, सर."

मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी पाटण्यात राहून भारतीय कामाच्या ठिकाणांचा अभ्यास केला आणि १९८० साली यावर पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण असे की, इथल्या हाताखालच्या माणसाला वरिष्ठाकडून माया आणि मार्गदर्शन दोन्ही हवे असते. नुसता हुकूम सोडणारा त्याला परका वाटतो, पण नुसती माया करणाऱ्याभोवती खुशमस्करे गोळा होतात आणि काम बुडते. सिन्हांनी सुचवलेला वरिष्ठ माया करतो, पण ती कामाला बांधलेली असते. सुरुवातीला तो हात धरून शिकवतो, स्पष्ट अपेक्षा सांगतो, चांगल्या कामाला जवळीक देतो. माणूस तयार होत गेला की सूचना कमी करतो आणि सल्ला घेणे वाढवतो. एकदम पहिल्या दिवशी "तुम्हीच ठरवा" म्हटले की माणसे बावरतात, आणि दहाव्या वर्षीही "मी सांगतो तसे करा" चालू राहिले की ती खुरटतात. आईबाप मुलांना सायकल शिकवताना जे करतात, त्याहून हे फार वेगळे आहे असे मला वाटत नाही. मात्र कचेरीत मागचा हात कधी सोडायचा हे लिहून ठेवलेले नसते.

कोणाची सेवा दिसते?

या विषयावरच्या पुस्तकांत एक गोष्ट सहसा तळटीपेत जाते, म्हणून ती इथे ठसठशीत लिहितो. तीच मदत कोण करतो यावर तिची किंमत ठरते.

मॅडेलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कर्मचाऱ्यांची वर्णने दिली. काहींनी थांबून सहकाऱ्याला मदत केली होती, काहींनी नाही. मदत करणाऱ्या पुरुषाला जादा गुण मिळाले. मदत करणाऱ्या बाईला काही खास नाही, ते तर तिचे कामच! आणि मदत न करणाऱ्या बाईचे गुण मात्र कापले गेले, पुरुषाचे नाही. ब्रॅडली ओवेन्स आणि डेव्हिड हेकमन यांना २०१२ च्या अभ्यासात याच्याशी जुळणारे दिसले. ज्याच्या कर्तबगारीबद्दल आधीच कोणाला शंका नाही, त्याने "मला येत नाही, शिकव" म्हटले की त्याचा मोठेपणा वाढतो. तरुण, स्त्री किंवा अल्पसंख्य वरिष्ठाने तेच म्हटले तर आधी कर्तबगारी पुन्हा सिद्ध करावी लागते.

आपल्याकडे यात जातीचा पदर आहे, हे निराळे सांगायला नको. ज्यांच्या घराण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सेवा लादली गेली, त्यांच्यातल्या पहिल्या पिढीच्या अधिकाऱ्याला "सेवक व्हा" हा उपदेश कसा ऐकू येत असेल? सेवकाचा आदर्श मांडायला ज्यांना काही गमवावे लागत नाही, त्यांनीच तो बहुधा मांडलेला आहे. कल्पना यामुळे रद्द होत नाही. पण मदतीचे काम अप्रेझलच्या कागदावर मोजले गेले नाही, तर ते मुकाट्याने त्याच त्या माणसांकडे सरकते, वाढदिवसाचा केक आणण्यापासून रडणाऱ्या सहकाऱ्याला धीर देण्यापर्यंत.

दमणुकीचेही तसेच. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची ज्यांना सवय नाही, अशा वरिष्ठांना मदतीचा दिवस अक्षरशः पिळून काढतो, आणि दुसऱ्या दिवशी ते कामाकडेच पाठ फिरवतात, असे २०२१ च्या एका संशोधनात आढळले. म्हणजे काल धावून आलेला साहेब आज दार लावून बसतो. टीमला वाटते, आपले काही चुकले.

मग हा खटाटोप कशाला?

कारण तो झिरपतो. रॉबर्ट लायडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका उपाहारगृह-साखळीच्या ७१ शाखा आणि ९६१ कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे शाखेचा मॅनेजर हाताखालच्यांना मदत करणारा होता, तिथे कर्मचारीही एकमेकांना मदत करू लागले, गल्ल्यावरचा स्वयंपाकघराला, स्वयंपाकघरातला वाढप्याला. मग तीच रीत टेबलाशी बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली. शाखेची कामगिरी सुधारली आणि नोकरी सोडण्याचा विचार कमी झाला. मॅनेजरने गिऱ्हाइकाशी गोड बोला असा हुकूम सोडून हे होत नाही. माणूस जसे वागवला जातो, तसे पुढे वागवतो.

पण प्रत्येक दोरीची लांबी ठरलेली असते. टोयोटाच्या पद्धतीवर माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी १९८८ मध्येच टीका केली होती : ही पद्धत मदत करते खरी, पण मोकळा श्वासही काढून घेते, कारण प्रत्येक मिनिट भरलेला असतो. कर्नाटकात बिडदीला टोयोटा किर्लोस्करचा कारखाना आहे. २०२० च्या नोव्हेंबरात तिथे मोठा संप झाला, आणि युनियनची तक्रार वाढत्या कामाच्या ओझ्याची होती. दोरी ओढली की टीम लीडर येतो. तो स्क्रू बसवून देईल, पण दिवसाला किती गाड्या काढायच्या हे तो ठरवत नाही. त्यासाठी वाटाघाटीचे टेबल लागते.

साउथवेस्टचेही तेच झाले. १९७३ ते २०१९ अशी सलग ४७ वर्षे नफा कमावणाऱ्या या कंपनीचा कर्मचाऱ्यांवरचा जिव्हाळा दंतकथेसारखा सांगितला जाई. २०२२ च्या नाताळात बर्फाचे वादळ आले. इतर कंपन्या काही दिवसांत सावरल्या, साउथवेस्टची १६ हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कोणता वैमानिक कुठे अडकला आहे हे जुळवणारी संगणकप्रणाली जुनी होती, ती कोलमडली. ती बदला, असे वैमानिकांची युनियन कित्येक वर्षे सांगत होती. पुढच्या वर्षी सरकारने कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड केला. तळावरचा सुपरवायझर त्या आठवड्यातही प्रवाशांच्या बॅगा शोधत होता. नवी प्रणाली घ्यायची की नाही, हा निर्णय त्याच्या हातात कधीच नव्हता.